अकरावर धरलेला काटा

लिओटा हॉगनला आमच्या खोऱ्यात येऊन चार वर्षं झाली होती, तरी लोक तिला अजून नेब्रास्कावालीच म्हणत. इथे चाळीस वर्षं काढलेल्या माणसालाही लोक नवाच समजतात, म्हणून तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. तिकडे प्लॅट नदीच्या काठी जमीन पोळपाटासारखी सपाट असते आणि मका माणसाच्या डोक्यावरून जातो. तिथे तिचा जन्म गेला आणि पहिला नवराही तिथेच गेला. मग गुरांच्या एका बाजारात तिला आमचा विधुर शेजारी एमस हॉगन भेटला. दोघांनी दोन वर्षं एकमेकांना पत्रं लिहिली आणि चौसष्टाव्या वर्षी लग्न करून ती या उंच मुलखात आली. समुद्रापासून सात हजार फुटांवर, जिथे जूनमध्येही सकाळी बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरतो.

येताना तिने कपड्यांची एक पेटी आणली आणि बरण्यांची अकरा खोकी. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून, लेकरू निजवावं तसा तिचा कुकर होता.

हा कुकर म्हणजे घागरीएवढं मोठं, जाड भांडं. वर सहा पेचांचं झाकण आणि झाकणावर घड्याळासारखा काटा. त्यात मांस भरलेल्या काचेच्या बरण्या ठेवायच्या, झाकण आवळायचं आणि काटा वाफेच्या दाबाच्या अकरा पौंडांवर चढला की नव्वद मिनिटं तो तिथेच धरून ठेवायचा, म्हणजे मांस बरणीत वर्षभर टिकतं. लिओटा त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसायची. त्या दीड तासात ती विणायची नाही, फोन घ्यायची नाही, कुणी आलं तर मानेनेच बसायची खूण करायची. काटा अकराच्या वर सरकला की ज्योत केसभर कमी, खाली आला की केसभर जास्त. तिची आई असंच करायची. लिओटाला या कामात एकावन्न वर्षं झाली होती आणि तिच्या हातची एकही बरणी कधी फुगली नव्हती. थंड होताना बरण्यांची झाकणं एकेक करून टक् टक् वाजत खाली बसतात. तो आवाज ती देवळातल्या प्रार्थनेसारखा ऐकायची. सगळ्या वाजल्या की मगच उठायची.

आमच्याकडे आल्यावर तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, की इथली हवा विरळ आहे आणि पाणी लवकर उकळतं, पण ते उकळणं दुबळं असतं. घेवडा तास न् तास शिजत नाही. केक फुगून मध्येच बसतो. तिने ते सगळं शिकून घेतलं. खमीर कमी केलं, पाणी वाढवलं, घेवडा आदल्या दिवशी भिजत घातला. फक्त काट्याला तिने हात लावला नाही. काटा अकरा म्हणत होता, आणि अकरा म्हणजे अकरा. आकडा डोंगरावर चढला म्हणून बदलेल, हे तिच्या मनात आलंच नाही.

मार्च महिना आमच्याकडे गायी विण्याचा. त्या दिवसांत गुरांवर जगणारं कुठलंही घर झोपत नाही. दर दोन तासांनी कुणीतरी गोठ्यात जायचं, पहिलटकरणी बघायच्या, अडलेली गाय सोडवायची, ओलं वासरू गोणपाटाने पुसून चिकाला लावायचं. तीन-चार आठवडे असेच जातात. चूल कोण पेटवणार? म्हणून शेजारी जेवण पोचवतात. त्याची रीत ठरलेली आहे. फाटक उघडायचं, आत जाऊन लावायचं, पडवीतल्या बाकावर भांडं ठेवायचं आणि दार न वाजवता परत फिरायचं. आतलं माणूस कदाचित अर्ध्या तासासाठी आडवं झालेलं असेल, त्याची झोप मोडली तर जेवणाचं पुण्य फुकट. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलेलं असतं, तेवढी ओळख पुरते.

चौदा मैलांवरचे टोल्बर्ट नवराबायको, रॉइस आणि टेरिन, दोघंच दोनशे गायी सांभाळत होते. टेरिन तिशीची, सुतळीसारखी बारीक आणि तेवढीच चिवट. त्या रविवारी त्यांच्याकडे जेवण पोचवण्याची पाळी लिओटाची होती.

ती स्ट्रोगनॉफ करायची, एकाच भांड्यातलं. आमच्या बाजूला ते सगळ्याच घरांत होतं, पण तिच्या हाताला वेगळी चव होती. नेहमी ती बरणीतलं मांस आणि त्याचा रस सुरुवातीलाच ओतायची, त्यातच रुंद नूडल्स शिजवायची आणि शेवटी आंबट क्रीम घालायची. पण मांस आधीच बरणीत शिजलेलं, त्यात पुन्हा उकळलेलं. ते विरून जायचं. मागच्या महिन्यात एमसने ताटात काटा फिरवत विचारलं होतं, "म्हातारे, हे कालवडीचं मांस आहे की कासऱ्याचे धागे?" तो हसला होता. तीही हसली होती. पण एकावन्न वर्षं मान मिळवलेल्या बाईला असला विनोद काट्यासारखा रुततो.

म्हणून त्या रविवारी तिने क्रम बदलला. लोण्यात कांदा परतला, मशरूम टाकले, त्यांचं पाणी सुटून आटेपर्यंत थांबली. चमचाभर मैदा, थोडी मोहरीची पेस्ट, मग कोंबडीचा रस्सा. रस्सा उकळल्यावर नूडल्स. नूडल्स मऊ झाल्या तेव्हा ज्योत बंद केली, क्रीम ढवळून एकजीव केलं आणि सगळ्यात शेवटी दोन बरण्या उघडून मांसाच्या फोडी वर हलक्या हाताने पसरल्या. फोडी अखंड राहिल्या, चौकोनी, तांबूस, देखण्या. तिने एक चमचा चाखला. मीठ बरोबर होतं. भांडं गोधडीत गुंडाळून तिने दुपारच्या आत टोल्बर्टांच्या पडवीत ठेवलं आणि दार न वाजवता परतली. एमसला घरी अंडी मिळाली.

सोमवारी सकाळी जिल्ह्याच्या गावात काटे तपासायचा दिवस होता. शेतकी कचेरीतली बाई वर्षातून एकदा कुकरची झाकणं तपासून देते, काटा खरं बोलतो की नाही ते बघते. पॉलेट तिचं नाव, शांत स्वभावाची, चष्मा साखळीला लावलेला. इतकी वर्षं लिओटा या तपासणीला गेली नव्हती. तिला गरज वाटली नव्हती. या वेळी गेली ती थोडी मिरवायलाच. रांगेतल्या बायकांना आपला पन्नास वर्षांचा काटा दिसावा, एवढंच मनात होतं.

पॉलेटने झाकण यंत्राला जोडलं, बघितलं आणि म्हणाली, की काटा सोन्यासारखा आहे, एका रेघेचाही फरक नाही. लिओटाने आजूबाजूला पाहिलं. मग कागद भरता भरता पॉलेटने सहज विचारलं, की मांस किती पौंडांवर धरता. लिओटाने सांगितलं, अकरावर. आईने शिकवलं तसं.

पॉलेटचं पेन थांबलं. तिने विचारलं, "इथे वर येऊन किती वर्षं झाली तुम्हाला?"

"चार."

पॉलेटने झाकण बाजूला ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढली. ती हळू आवाजात बोलली, रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून. ती म्हणाली, की खालच्या सपाटीवर अकरा पौंड म्हणजे जेवढी आग, तेवढी आग इथे मिळवायला चौदा लागतात. अकरावर बरणीतला तो एक जंतू मरत नाही. तो बंद बरणीत, हवेशिवाय, सावकाश विष करतो. झाकण फुगेलच असं नाही. वास येईलच असं नाही. चवीलाही कळत नाही. तुम्ही मांस नेहमी उकळून वापरत असाल, म्हणून निभावलं असेल. दहा मिनिटं खळखळून उकळलं की ते विष मोडतं, इथे आणखी सात-आठ धरायची.

लिओटाने विचारलं, "आणि नाही उकळलं तर?"

पॉलेटने चष्मा काढला. तिने सांगितलं: पापण्या जड होतात. एकाचे दोन दिसतात. जीभ जाड होते, गिळवत नाही. मग छाती हलायची थांबते. कधी एका दिवसात, कधी तीन-चार दिवसांनी.

लिओटा उठली. झाकण टेबलावरच राहिलं.

   कचेरीतून तिने टोल्बर्टांकडे तीनदा फोन लावला. तो वाजत राहिला, रिकाम्या घरात वाजतो तसा. गोठ्यात असतील, ती स्वतःला म्हणाली. मार्चमध्ये दिवसा कोण घरात असतं. पण दुसरं मन तिला ते घर दाखवत होतं, जमिनीवर पडलेली दोन माणसं आणि भिंतीवर वाजणारा फोन.

तिथून टोल्बर्टांचं फाटक चाळीस मैल. वारा रस्त्यावरून बर्फाचा भुगा आडवा ओढत होता, रस्ता पांढऱ्या सापांनी भरल्यासारखा दिसत होता. तिला आठवलं की एक चमचा तिनेही खाल्लाय. तिने आरसा वाकडा करून स्वतःच्या पापण्या पाहिल्या. त्या खाली आलेल्या होत्या. पण अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या पापण्या खालीच असतात. कालही अशाच होत्या का? तिने कधी बघितलंच नव्हतं. समोरून एक ट्रक आला, तिने डोळे ताणून पाहिलं. एकच होता. निदान तिला एकच दिसला.

ती पोचली तेव्हा रॉइस गोठ्याच्या दारात उभा होता, बाह्या कोपरापर्यंत रक्ताने माखलेल्या. तो जिवंत होता. मग तिने त्याचा चेहरा बघितला. पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या, डोळे लाल, आणि बोलायला लागला तर शब्द तोंडात चघळल्यासारखे. पॉलेटने सांगितलेलं सगळं त्या एका चेहऱ्यावर होतं. पण तीन आठवडे न झोपलेल्या माणसाचा चेहरा असाच असतो, हेही खरं. मार्चमध्ये आमच्या खोऱ्यातली निम्मी माणसं अशीच दिसतात. बघून काही ठरवता येईना.

तिने जेवणाचं विचारलं. तो म्हणाला, फार छान झालं होतं, भांडं दिवसभर लाकडं जाळायच्या शेगडीवर खदखदत ठेवलं आणि त्याने संध्याकाळी दोन ताटं खाल्ली. सगळ्यात आधी टेरिन तुटून पडली होती. आल्या आल्या पडवीतच, उभ्याने, भांड्यातूनच खाल्लं तिने, ताट घ्यायलाही थांबली नाही.

"ती कुठंय?" लिओटाने विचारलं.

"झोपलीय. मीच पाठवली. सकाळी जुळं झालं म्हणून ओरडत आली, बघतो तर वासरू एकच. म्हटलं बाई, तुला आता दोन-दोन दिसायला लागले, जा पड जरा." तो हसला.

लिओटाने ऐकलं. सगळं ऐकलं. आणि पुढे जे झालं ते तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं, म्हणून मी लिहितोय. नाहीतर ते कुणाला कधी कळलं नसतं. ती म्हणाली, "भांडं न्यायला आले होते."

रॉइसने पडवीकडे बोट केलं. धुतलेलं भांडं बाकावर पालथं होतं, चिकटपट्टीवरचं नाव वर. लिओटा हॉगन. तिने ते उचललं, पिकअपमध्ये ठेवलं आणि गाडी वळवली. मनाशी ती म्हणत होती, की झोपेने दिसत असतील दोन. तीन आठवडे जागी आहे पोरगी. एकावन्न वर्षांत एक बरणी फुगली नाही. नसत्या शंकेने कुणाला घाबरवायचं, आणि मग या खोऱ्यात आपल्या हातचं पाणी तरी कोण पिणार.

फाटकाशी उतरावंच लागतं. उतरून साखळी काढायची, गाडी पलीकडे न्यायची, परत येऊन साखळी लावायची. ती उतरली आणि साखळीला हात घातला. लोखंड बर्फासारखं होतं. त्या गार लोखंडावर हात ठेवून ती किती वेळ उभी राहिली, तिला सांगता आलं नाही. मग गाडी तिथेच, दार उघडं टाकून, ती पायी परत निघाली. अर्ध्या वाटेत धावायला लागली. अडुसष्ट वर्षांची बाई, चिखलातून, वाऱ्याच्या विरुद्ध.

रॉइसला तिने सगळं सांगितलं. अकरा, चौदा, उशिरा घातलेलं मांस, विष. तू खाल्लंस ते उकळून खाल्लंस, टेरिनने तसंच खाल्लं. तो ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची झोप उतरत होती.

शेवटी त्याने एकच विचारलं. "मग आत्ता भांडं घेऊन कुठे चालला होतात तुम्ही?"

"फाटकापर्यंत," ती म्हणाली.

तो घराकडे पळाला.

टेरिनला उठवायला फार वेळ लागला. रॉइसने खांदा हलवला, नाव घेतलं, गालावर ओला हात ठेवला. तिने डोळे उघडले ते अर्धेच, आणि काही बोलली ते कुणाला समजलं नाही. लिओटा पलंगाच्या पायथ्याशी दोन्ही हातांनी लाकूड धरून उभी होती. रॉइसने दवाखान्यात फोन लावला. पलीकडून डॉक्टर सांगत होता आणि इकडे रॉइस करून घेत होता: वर बघ. तशीच बघत राहा. पापण्या पडू देऊ नकोस. आता पाणी पी. टेरिनने घोट घेतला आणि तिला ठसका लागला. पाणी नाकातून आलं.

डॉक्टर म्हणाला, लगेच घेऊन या.

तेवढ्यात गोठ्यातून गाय हंबरली, ओढून, मोठ्याने. एक पहिलटकरीण अडली होती. वासराचे खूर दिसत होते आणि ते उलटे होते, मागचे पाय पुढे. असं वासरू वेळेत ओढलं नाही तर आतच गुदमरतं. रॉइस दारात उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर.

टेरिन आता पुरती जागी झाली होती आणि काय चाललंय ते तिला सांगून झालं होतं. ती कोट चढवत म्हणाली, "तू थांब गायीपाशी. मी मेले तर दुसरी मिळेल तुला. असली गाय कुठून आणशील?" शब्द जरा जड होते, पण शब्द होते. रॉइस हसला नाही. त्याने फाटकाशी राहिलेली लिओटाची गाडी पळत जाऊन आणली, बायकोला उचलून आत बसवलं आणि लिओटाकडे न बघता म्हणाला, "बोलतं ठेवा तिला."

लिओटाने तिला बोलतं ठेवलं. कुंपणाचे खांब मोजायला लावले. टेरिनने चाळीसपर्यंत मोजले आणि मान छातीवर टाकली. लिओटाने तिच्या दंडाला चिमटा काढला.

"झोपू द्या हो मला," टेरिन कण्हली. "तीन आठवडे झाले."

"खांब किती दिसतात सांग. समोरचा. एक का दोन?"

"एक."

"नीट बघून सांग."

"लिओटा, एकच आहे. बाजूला गाय उभी आहे. तीही एकच."

पण दहा मैलांनी ती पुन्हा डोळे मिटून बसली आणि विचारल्यावर बोलेना. लिओटाने तिच्या नाकापुढे हात धरला. श्वास लागत होता, गरम, सावकाश. ही झोप आहे की ते आहे? दोन्ही एकाच दाराने आत येतात, एकाच पावलांनी. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही, आत कोण आलंय. लिओटाने एक हात चाकावर आणि एक तिच्या नाकापुढे ठेवून उरलेला सगळा रस्ता गाडी हाकली.

दवाखाना लहान, बारा खाटांचा. डॉक्टर तरुण होता. त्याने टेरिनला तपासलं, मग लिओटालाही तपासलं, कारण तिनेही चाखलं होतं. त्याने राज्याच्या राजधानीतल्या आरोग्य खात्याला फोन केला. तिथले म्हणाले, की औषध विमानाने पाठवावं लागतं आणि ते औषधही साधं नाही, तेव्हा आधी लक्ष ठेवा, छाती मंदावली तर लगेच कळवा. भांड्यातलं काही उरलंय का, असंही त्यांनी विचारलं. उरलं नव्हतं. भांडं लख्ख घासलेलं होतं. त्या दोन बरण्याही रिकाम्या, धुऊन ठेवलेल्या. तपासायला काहीच नव्हतं, एक बाई सोडून.

टेरिन झोपली. ती चौदा तास झोपली. लिओटा खाटेशेजारी बसली, जशी कुकरपुढे बसायची तशी, न विणता, न बोलता, नजर एका जागी धरून. टेरिनची छाती वर जायची, खाली यायची. कधी मध्ये जरा थांबायची, आणि तेवढ्यात लिओटाचाही श्वास थांबायचा. एका नर्सने तिला खायला आणून दिलं, ते तिने तसंच ठेवलं. मंगळवारी उजाडताना टेरिनने डोळे उघडले, पूर्ण उघडले, आणि छताकडे बघत म्हणाली, की तिला भूक लागलीय. डॉक्टरने तिला वर बघायला लावलं. पापण्या पडल्या नाहीत. ती पाणी प्यायली. ठसका लागला नाही.

तरी त्याने तिला संध्याकाळपर्यंत ठेवलं आणि पुढचे तीन दिवस रोज फोन करायला सांगितलं. लिओटाने त्याला दाराशी गाठून विचारलं, की मग विष होतं की नव्हतं. तो म्हणाला, त्याला वाटतं नव्हतं. बाई थकलेली होती, बाकी काही नाही. पण नव्हतंच, असं लिहून देता येणार नाही. थोडंसं असेल आणि तिच्या शरीराने पेललं असेल, असंही होतं. आता कुणालाच सांगता येणार नाही.

संध्याकाळी ती टेरिनला घरी घेऊन आली. रॉइस अंगणात उभा होता. त्याने बायकोचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळे बघितले, एक, मग दुसरा. मग गोठ्याच्या भिंतीकडे मान केली. तिथे ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं. गाय वाचली होती. वासरू एकट्याने ओढून निघालं नव्हतं. एक माणूस दोर धरायला हवा होता, आणि तो दवाखान्यात होता.

लिओटा म्हणाली, "माझ्यामुळे."

रॉइसने जाऊन ताडपत्रीची उडणारी कड दगडाखाली सारली. मग म्हणाला, "वासराचं दुःख नाही. दर वर्षी दोन-चार जातातच. पण तुम्ही फाटकापर्यंत गेला होतात."

"हो."

"ते मला विसरायला वेळ लागेल."

"लागू दे," लिओटा म्हणाली. "मलाही लागेल."

टेरिन पडवीच्या पायरीवर बसून बूट चढवत होती. ती म्हणाली, की दोघांचं बोलून झालं असेल तर कुणीतरी तिच्याबरोबर गोठ्यात या, अजून साठ गायी व्यायच्यात. रॉइस गेला. लिओटा घरी आली.

नोव्हेंबरात तिने चाळीस बरण्या भरल्या होत्या. त्यातल्या अकरा बरण्या नाताळात अकरा घरांत वाटल्या होत्या, लाल कापडाच्या टोप्या घालून. बुधवारी तिने फोनजवळ खुर्ची ओढली आणि एकेका घरी फोन लावला. प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं, न गुळगुळीत करता: बरणी उघडू नका, उघडली असेल तर कशी शिजवली ते सांगा. एका घरी म्हणाले, खाल्ली, सूप केलं होतं, दोन तास उकळलं. एका घरी ती तशीच फडताळात होती. म्हातारा नेल्स म्हणाला, की ती त्याने बायकोच्या भावाला दिली आणि तो दुर्दैवाने अजून धडधाकट आहे. लिओटा हसली नाही. तिने त्या भावाचा नंबर मागून घेतला. शुक्रवारपर्यंत टेरिनलाही रोज दोनदा फोन होता. टेरिन फोन उचलून आधी म्हणायची, "एकच दिसतंय," आणि ठेवून द्यायची.

राहिलेल्या बरण्या पॉलेटने फोनवर सांगितल्याप्रमाणे नष्ट करायच्या होत्या. कुत्र्याला घालायच्या नाहीत, उकिरड्यावर टाकायच्या नाहीत. लिओटाने जुनं कपडे उकळायचं पातेलं अंगणात चुलीवर ठेवलं आणि बरण्या झाकणांसकट पाण्यात बुडवून अर्धा तास उकळल्या, चार-चार करून, हातात रबरी मोजे घालून. एमसने गोठलेल्या जमिनीत पहारीने खड्डा केला. तो कमरेइतका खोल झाला तेव्हा तो थांबला, तर ती म्हणाली, आणखी. छातीइतका झाला तेव्हा तिने हात वर केला. खणता खणता एमसने काही विनोद सुचवून पाहिला, पण तिच्या तोंडाकडे बघून तो पुरा केला नाही. त्याने तिच्याबरोबर सगळ्या बरण्या उतरवल्या, वर माती लोटली आणि दोघांनी मिळून ओढ्यातले धोंडे आणून रचले. कोल्हे उकरतील म्हणून.

खड्डा घरापासून दोनशे पावलांवर, एका जुन्या सीडरच्या झाडाखाली आहे. त्या वसंतात लिओटा रोज सकाळी कॉफी घेण्याआधी तिथे जायची. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, जमीन मऊ झाली आणि एक दिवस धोंड्यांच्या कडेला तिला पंजांचे ठसे दिसले. कोल्ह्याचे, ताजे, दोन्ही बाजूंनी फिरून गेलेले. एक धोंडा थोडा सरकल्यासारखा वाटत होता. कालही तो तसाच होता का, तिला आठवेना. ती गुडघ्यांवर बसली आणि कडेची माती हाताने चाचपली. घट्ट होती. तिने तो धोंडा पूर्वीच्या जागी म्हणून ढकलला, ओढ्यावर जाऊन आणखी एक मोठा धोंडा छातीशी धरून आणला आणि वर ठेवला. मग ती मागे सरकून उभी राहिली आणि पंजांचे ठसे कुठे जातात ते बघत राहिली. ते उतारावरून खाली गेले होते, टोल्बर्टांच्या कुरणाच्या दिशेने.

ती कॉफी न पिताच गाडीत बसली आणि टोल्बर्टांना सांगायला निघाली.